फोटो एडिटिंग आणि वेब डिझाइन शिकताना मला सगळे जे विचारतात ते प्रश्न

आधी दोन ओळी माझ्याबद्दल. मी इंदूरची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आर्टिस्ट वगैरे अजिबात नाही. सुदामानगरमधे राहणाऱ्या आत्याचा घरगुती फराळाचा धंदा आहे, चकली, शेव, अनारसे, तिच्यासाठी वेबसाइट करायची म्हणून शिकायला बसले आणि मग चुलत भावंडं, कॉलेजमधले ज्युनियर, वरच्या मजल्यावरच्या काकू सगळेच तेच तेच विचारायला लागले. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर तीन-तीन मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

फोटोशॉप विकतच घ्यावं लागतं का?

नाही रे बाबा. फोटोशॉप १९९० पासून आहे आणि चांगलंच आहे, पण दर महिन्याला पैसे मागतं आणि आपल्याला त्यातलं दहा टक्केसुद्धा लागत नाही. गिंप हे तसंच काम करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, १९९६ पासून चालू आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. सुरुवातीला त्याचे मेनू बघून वाटतं की हे कोणी मुद्दाम लपवून ठेवलंय, आठवडाभराने सवय होते. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर फोटोपी ब्राउझरमधेच उघडतं आणि दिसायला जवळजवळ फोटोशॉपसारखंच आहे, म्हणजे फोटोशॉपचा एखादा व्हिडिओ बघत बघत त्यातच हात चालवता येतो. लोगोसाठी इंकस्केप, तेही फुकट.

आणि कृपा करून कोणाच्या पेनड्राइव्हमधलं क्रॅक फोटोशॉप टाकू नकोस. माझ्या मैत्रिणीने टाकलं, लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला, तिचे आधीच्या सेमिस्टरचे सगळे प्रोजेक्ट त्यात गेले.

लॅपटॉप कसला हवा?

आठ जीबी रॅम असली की झालं. ग्राफिक कार्ड वगैरे काही नको. माउस मात्र घे, टचपॅडवर फोटो कापायला बसलास तर मनगट बोलायला लागतं.

आधी एडिटिंग शिकू का वेब डिझाइन?

दोन्ही थोडं थोडं, एकत्र. नुसतं एडिटिंग शिकणारे इफेक्टमधे अडकतात, अक्षरांना सावली दे, आग लाव, चमक दे. नुसतं कोडिंग शिकणारे सहा एमबीचा फोटो तसाच पेजवर टाकतात आणि मग विचारतात की साइट स्लो का आहे. एक छोटं काम घे, दोन-तीन पानांचं, खऱ्या माणसासाठी, आणि त्याला जे लागेल ते शिकत जा. माझं मत विचारशील तर पहिले पंधरा दिवस फक्त फाइल समजून घ्यायला घालव, म्हणजे ती केवढी आहे, कुठल्या प्रकारची आहे, तिचं नाव काय आणि ती ठेवलीय कुठे. माझे नव्वद टक्के घोटाळे तिथेच झालेत, डिझाइनमधे नाही.

पिक्सेल म्हणजे नक्की काय? आणि हे ७२ आणि ३०० चं काय आहे?

पिक्सेल म्हणजे रंगाचा एक ठिपका. आपल्या इंदूरचेच चित्रकार ना. श्री. बेंद्रे नंतरच्या काळात ठिपक्याठिपक्यांनी चित्रं काढायचे, जवळ गेलं की नुसते ठिपके आणि लांब गेलं की चित्र. फोटोचं तसंच, फक्त ठिपके चौकोनी आणि ओळीत. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५. तिन्ही २५५ तर पांढरा, तिन्ही ० तर काळा.

आता हिशोब कर. फोनचा फोटो ४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे उघडल्यावर मेमरीत ३६ एमबी. वेब पेजवर तो फोटो दिसणार असतो तळहाताएवढा. तोच १२०० बाय ९०० केला की ठिपके १० लाख ८० हजार, अकरावा हिस्सा, आणि बघणाऱ्याला काडीचा फरक कळत नाही.

७२ आणि ३०० हा आकडा छापायचा आहे, म्हणजे कागदावर एका इंचात किती ठिपके बसवायचे. वेबला त्याचा काही संबंध नाही, ब्राउझर तो आकडा बघतसुद्धा नाही, त्याला फक्त किती बाय किती पिक्सेल तेवढंच कळतं. तरी दर वेळी कोणीतरी येऊन सांगतंच की वेबसाठी ७२ ठेवायचं असतं. ठेव बाबा, काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही.

छापायचं असेल तर मात्र बघावं लागतं. ए-फोर पान ३०० ने छापायचं तर २४८० बाय ३५०८ लागतात. गणपतीच्या मंडळाचा सहा बाय चार फुटाचा फ्लेक्स ३०० ने करायला गेलो तर २१६०० बाय १४४००, लॅपटॉप हात जोडेल. पण फ्लेक्स आपण रस्त्याच्या पलीकडून बघतो ना, त्यामुळे ७२ नेही चालून जातं, ५१८४ बाय ३४५६. फ्लेक्सवाल्या भियाला (इंदुरी भैया) आधी फोन करून विचारायचं त्याला किती हवं, तो दोन सेकंदात सांगतो.

जेपीजी, पीएनजी, वेबपी, यातलं काय कधी?

फोटो असेल तर जेपीजी. लोगो, अक्षरं, स्क्रीनशॉट किंवा मागे आरपार दिसायला हवं असेल तर पीएनजी. एवढं पाठ केलं तरी काम चालतं, पण कारण कळलं की विसरत नाही म्हणून सांगते.

जेपीजी फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनातलं जे बारीक डोळ्याला फारसं कळत नाही ते फेकून देतं. रंगांतलं बारीक तर अजूनच फेकतं, कारण आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक लगेच कळतो, रंगाचा तेवढा नाही. चकलीच्या फोटोत हे खपून जातं. पण पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके दिसायला लागतात, जसं पांढऱ्या सदऱ्यावर शाई फुटावी तसं. आणि फेकलेलं परत येत नाही. जेपीजी उघडलं, थोडं बदललं, परत जेपीजीत सेव्ह केलं, असं सात-आठ वेळा केलं की फोटोचा रंग उडालेला पडदा होतो. म्हणून काम चालू असताना गिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटमधे सेव्ह करायचं, लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, सगळे शाबूत राहतात, आणि अगदी शेवटी एकदाच जेपीजी काढायचं. क्वालिटी ७५ ते ८० पुरे. शंभर ठेवलं तर फाइल फुगते आणि फरक फक्त तुला दिसतो, तेही तुला माहिती आहे म्हणून.

पीएनजी काही फेकत नाही, त्यामुळे फोटो त्यात ठेवला की फाइल अवाढव्य होते. जिफमधे २५६ च रंग, ते गुड मॉर्निंगसाठी सोडून दे. वेबपी गूगलने २०१० मधे आणलं, जेपीजीपेक्षा फाइल बरीच लहान होते आणि आरपारही चालतं, आता सगळे ब्राउझर उघडतात. साधा लोगो असेल तर एसव्हीजी, त्यात ठिपकेच नसतात, रेषांचं गणित असतं, त्यामुळे कितीही मोठा केला तरी फाटत नाही.

फोटो पिवळा येतो, काय करू?

हा प्रश्न इंदूरमधे विचारायलाच हवा. रात्री सराफ्यात, म्हणजे आपल्या खाऊगल्लीत, जाऊन फोटो काढले की सगळंच पिवळं, जलेबी पिवळी, प्लेट पिवळी, माणसंही पिवळी. दिव्याच्या उजेडाचा रंग फोटोत येतो, आपला डोळा तो आपोआप वजा करतो, कॅमेऱ्याला दर वेळी जमत नाही. गिंपमधे लेव्हल्स उघडायचं, त्यात करड्यासाठी एक ड्रॉपर असतो, तो घेऊन फोटोतल्या ज्या वस्तूला खरं तर पांढरट-करडा रंग असायला हवा तिच्यावर क्लिक करायचं, स्टीलच्या ताटाची कड, कागदी प्लेट, काहीही. बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात.

आत्याच्या चकल्यांचं मी आधी उलटं केलं होतं. फोटो काळपट होता म्हणून ब्राइटनेस वाढवत गेले, वाढवत गेले, तर चकली तर उजळ झाली पण तिच्यावरचे तीळ गायब. म्हणजे तिळाच्या जागी सपाट पांढरं. २५५ ला जाऊन आदळलं की मग त्यात काही उरतच नाही, परत कमी केलं तरी पांढऱ्याचा करडा होतो, तीळ येत नाहीत. मग मूळ फोटो परत घेतला आणि कर्व्हज शिकले. त्यात एक तिरकी रेघ असते, तिचा मधला भाग पकडून थोडा वर ढकलायचा, दोन्ही टोकं तिथेच ठेवायची. मधले रंग उजळतात आणि काळं काळं राहतं, पांढरं पांढरं. काटे दिसायला लागले, तीळ परत आले, आत्या म्हणाली आता खुसखुशीत दिसतेय. मुळात सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फोटो सकाळी नऊ-दहाला खिडकीजवळ काढायचा आणि ट्यूबलाइट बंद करायची. निम्मं एडिटिंग तिथेच वाचतं.

इंदूरच्या राजवाड्याचा फोटो काढला तर तो मागे पडल्यासारखा दिसतो?

सात मजली आहे, खालून फोन वर करून काढलास तर तसंच होणार. पर्स्पेक्टिव्ह टूलने वरचे दोन कोपरे थोडे बाहेर ओढ. पूर्ण सरळ करू नकोस, खोटं वाटतं.

बॅकग्राउंड काढताना इरेझर वापरू ना?

नको. इरेझरने पुसलं ते गेलं, रात्री एक वाजता कळतं की अनारशाची कड पण पुसली गेली. लेयर मास्क शिक. मास्क म्हणजे फोटोवर पांघरलेला एक कागद, त्यावर काळं रंगवलं की खालचा फोटो लपतो आणि पांढरं रंगवलं की परत दिसतो. चुकलं तर रंग बदलून परत फिरव, मूळ फोटोला धक्का नाही. काळं झाकतं, पांढरं दाखवतं, हे मी वहीच्या कव्हरवरच लिहून ठेवलं होतं.

मराठी अक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडेच जाते, असं का?

इथे जरा थांबते, कारण आपल्याकडच्या प्रत्येकाचं घोडं इथेच अडतं आणि इंग्रजी व्हिडिओत याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

पहिलं, फोटोशॉपच्या थोड्या जुन्या व्हर्जनमधे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसायच्या ऐवजी नंतर दिसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. प्रेफरन्सेसमधे टाइप म्हणून भाग आहे, तिथे टेक्स्ट इंजिन बदलून वर्ल्ड-रेडी करायचं, म्हणजे भारतीय लिप्या नीट जुळतात. त्याहून जुन्या व्हर्जनमधे तिथेच साउथ एशियन असं काहीतरी लिहिलेलं असतं. गिंपमधे हा त्रास मुळात नाही, तिथे देवनागरी आपोआप बरोबर येते.

दुसरं, जुने फॉन्ट. फ्लेक्सच्या दुकानांत अजून कृतिदेवमधे टाइप करतात, त्यात खरं तर इंग्रजीच अक्षरं असतात, फक्त त्यांचा चेहरा देवनागरी केलेला असतो. तो मजकूर कॉपी करून वेबसाइटवर टाकला की इंग्रजीतला गिचमिडकाला दिसतो. वेबला युनिकोडच लागतं, त्यात मराठी अक्षर खरंच मराठी म्हणून साठवलेलं असतं. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, बालू, हिंद, नोटो सगळे फुकट आहेत. फॉन्ट निवडताना नुसतं "नमस्ते" लिहून बघू नकोस, "ळ", "ऱ्हा", "ज्ञ", "ॲ" असलेलं एखादं वाक्य टाक, मग कळतं कोण किती पाण्यात आहे. आमच्या एका फ्लेक्सवर "दिवाळी" ची "दिवाली" होऊन आली होती, भियाला हिंदीची सवय, त्याला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही.

तिसरं, लेटर स्पेसिंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी हेडिंगमधे अक्षरं लांब लांब ठेवली की छान दिसतं म्हणून मीही मराठीला तेच लावलं आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली, जशी वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी मधे मधे कापावी. मराठीला लेटर स्पेसिंग शून्य. लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, मात्र वाढवायची, १.६ ते १.८, कारण वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार, दोन्ही ओळी एकमेकींना ढुशा मारतात.

चौथं, पानाची भाषा. एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, पहिल्याच टॅगमधे (टॅग म्हणजे कंसातली खूण) भाषा सांगायची असते, तिथे मराठीचा कोड एम-आर लिही. बरेच जण हिंदीचा एच-आय कॉपी करून तसाच ठेवतात. हिंदीतला "ल" आणि "श" आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, ज्या फॉन्टमधे दोन्ही वळणं असतात तो हा कोड बघून ठरवतो कुठलं दाखवायचं. आजोबांनी स्क्रीन बघून पहिल्यांदा हेच विचारलं होतं की हा ल असा काय गं, कोणी शिकवला. आणि कॅरसेट, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते, यूटीएफ-८ लिहायला विसरलीस तर अख्खं मराठी चित्रविचित्र खुणांमधे दिसू शकतं.

एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, सगळं लागतं का?

पहिले दोन महिने जावास्क्रिप्टला हात लावू नकोस. एचटीएमएल म्हणजे पानावर काय काय आहे, सीएसएस म्हणजे ते दिसेल कसं, जावास्क्रिप्ट म्हणजे क्लिक केल्यावर ते काय करेल. हेडिंग, पॅराग्राफ, लिंक, इमेज, लिस्ट, एवढे टॅग पहिल्या दिवशी. सीएसएसमधे मार्जिन आणि पॅडिंगमधला फरक, मग फ्लेक्सबॉक्स, म्हणजे गोष्टी ओळीत मांडायची पद्धत. ब्राउझरमधे एफ-१२ दाबायची सवय लाव, कुठल्याही साइटचं पोट उघडून बघता येतं.

माझ्या लॅपटॉपवर फोटो दिसतो, साइट वर टाकल्यावर दिसत नाही. का??

यात माझ्या दोन रात्री गेल्यात, म्हणून सविस्तर.

बघायच्या गोष्टी तीन. एक, पाथ. कोडमधे सी ड्राइव्हपासूनचा अख्खा पत्ता लिहिलास तर तो तुझ्या लॅपटॉपचा पत्ता झाला, जगाला तुझा सी ड्राइव्ह दिसत नाही. दोन, नावात स्पेस किंवा मराठी अक्षरं. चालतात कधी कधी, पण नको, इंग्रजी छोटी अक्षरं आणि मधे आडवी रेघ. तीन, आणि ह्याच्यावरच माझ्या रात्री गेल्या, कॅपिटल-स्मॉल. कॅमेऱ्याने फाइलच्या नावातलं शेवटचं जेपीजी कॅपिटलमधे ठेवलं होतं, मी कोडमधे स्मॉलमधे लिहिलं. विंडोजला दोन्ही सारखंच, तो गुपचूप फोटो दाखवतो. सर्व्हर बहुतेक लिनक्सवर असतात, त्यांच्यासाठी त्या दोन वेगळ्या फाइली. मी कोड तीन वेळा पहिल्यापासून लिहिला, ब्राउझर बदलला, भावाशी भांडले की त्याने वायफायचं काहीतरी केलं, आणि शेवटी फाइलचं नाव बदललं तर दोन सेकंदात चकली हजर.

मोबाइलवर सगळं मुंगीएवढं दिसतं.

हेडमधे, म्हणजे कोडच्या वरच्या न दिसणाऱ्या भागात, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिलाय, जो पानाला स्क्रीनची रुंदी घ्यायला सांगतो. तो नसला की मोबाइल धरून चालतो की पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे, आणि ते आवळून छोट्या स्क्रीनवर बसवतो. टॅग टाक, इमेजला मॅक्स-विड्थ १०० टक्के दे, निम्मं काम झालं. आत्याची गिऱ्हाईकं जवळजवळ सगळी फोनवरूनच बघतात, त्यामुळे मी आता आधी फोनचं डिझाइन करते, लॅपटॉपचं नंतर.

गूगलवरून फोटो घेतला तर चालतो ना, सगळेच घेतात?

गूगल फोटो शोधून देतं, ते त्याचे नसतात. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि तो गेल्यावरही ६० वर्षं टिकतो. विकिमीडिया कॉमन्सवर घेण्यासारखे लाखो फोटो आहेत, खाली अट लिहिलेली असते, बहुतेक वेळा फोटोग्राफरचं नाव द्या एवढीच. आणि फराळाच्या साइटवर दुसऱ्याच्या चकलीचा फोटो लावायचा म्हणजे जरा कमालच ना.

क्लास लावू का?

मी लावला होता, नाव नको. तीन महिन्यांत व्हिजिटिंग कार्डच करत होतो, सर्टिफिकेट मात्र जाड कागदावर मिळालं. तुला रोज कोणी बसवल्याशिवाय बसवत नसेल तर लाव, पण आधी जाऊन तिथल्या मुलांनी केलेली साइट फोनवर उघडून बघ.

आता एआय सगळं करून देतं, मग शिकायचं कशाला?

मीही वापरते, कोडमधली चूक शोधायला तर भारी आहे. पण त्याला चकली काढायला सांगितली तर गुळगुळीत जिलबी आली, काटाच नाही. आणि जे करून मिळालं त्यात बिघडलंय काय हे कळायला वरचं सगळं माहिती लागतंच.

साइट ठेवायची कुठे, पैसे किती?

साधी पानं असतील तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या गिटहब पेजेसवर फुकट. स्वतःचं नाव हवं असेल तर डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, दरवर्षी पैसे. डोमेन घेताना तुझ्या नाही, ज्याचा धंदा आहे त्याच्या नावावर आणि त्याच्या ईमेलवर घे, नाहीतर उद्या तुझं लग्न होऊन तू पुण्याला गेलीस की त्यांची पंचाईत.

"माझ्या फोटोत मी एवढी जाड का दिसतेय?" (आत्या)

आत्या, ही चूक माझी. फोटो ९०० बाय १२०० चा उभा होता आणि मी सीएसएसमधे रुंदी ३०० आणि उंचीही ३०० लिहून ठेवली. ब्राउझरने मुकाट्याने उंची जास्त दाबली, त्यामुळे तू होतीस त्याच्यापेक्षा एक तृतीयांश रुंद झालीस. दोन्ही आकडे द्यायचे असतील तर सोबत ऑब्जेक्ट-फिट कव्हर लिहायचं असतं, मग फोटो ताणला जात नाही, जास्तीचा भाग कापला जातो. मी ते लिहिलं तर तुझा फोन आला की आता डोक्यावरचा अंबाडा कापलास. कारण ते वरून आणि खालून सारखंच कापतं. ऑब्जेक्ट-पोझिशन टॉप केलंय, आता अंबाडा आहे, चकलीचं ताट अर्धं गेलंय. उद्या सकाळी ताट थोडं वर धर, खिडकीपाशीच, मी येते नऊला.